नळी टोकापर्यंत गेली का?

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
१७ जानेवारी २००४

ती. दादा,

नमस्कार. अक्षर ओळखलंस ना? ओळखून पाकीट बाजूला सारणार असशील तर मटिल्डावहिनीच्या हातात दे, ती वाचून सांगेल. फाडू मात्र नकोस. हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही आणि समेट करायलाही नाही. हे मला डॉक्टरांनी लिहायला लावलं आहे!

आत्याची कमळी आठवते ना? तिला दिवाळीनंतर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. घाबरू नकोस, ऑपरेशन झालं, ती घरी आली, आणि संक्रांतीला माझ्या लुगड्याला नावं ठेवण्याइतकी बरी झाली आहे. तिच्यासोबत मी वसईला डॉ. नताशांकडे जात होते. पोटाच्या डॉक्टर आहेत, आपल्या वसईच्याच, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी कमळीला विचारलं, "घरात आणखी कोणाला हा त्रास होता?" कमळी म्हणाली, "मामांना पोटाचं होतं."

"पोटाचं म्हणजे नक्की काय?"

कमळी माझ्याकडे बघायला लागली.

दादा, बाबांना तेच होतं. आतड्याचा कॅन्सर. तुला आम्ही नुसतं "पोटाचं दुखणं" कळवलं, तेही सगळं आटोपल्यावर. तो शब्द घरात काढायचा नाही आणि जबलपूरला तर मुळीच कळवायचा नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ज्या मुलाच्या बायकोला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याने येऊन कीव केलेली त्यांना नको होती. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ते मी आठ वर्षं मुकाट्याने घेतलं. आता शपथ मोडली. जीवदानीच्या पायऱ्या चढून गेले, नारळ ठेवला आणि सांगितलं, आई, गेलेल्याचा शब्द मोडते, जो आहे त्याच्यासाठी.

डॉक्टरांना खरं सांगितलं तशी त्यांनी पेनच खाली ठेवलं. "वडील, आतेबहीण. मग तुम्ही भावंडं किती?" म्हटलं, मी आणि थोरला भाऊ, तो पन्नाशी ओलांडलेला. म्हणाल्या, "मग बसलात काय अजून?"

दादा, आता नीट वाच. एक तपासणी असते, कोलोनोस्कोपी. मागच्या बाजूने लवचिक नळी आत घालतात. तिच्या टोकाला दिवा असतो, कॅमेरा असतो, आणि आपलं आतडं आतून टीव्हीवर दिसतं! हा कॅन्सर एकदम होत नाही म्हणे. आधी आत एक बारीक कोंब येतो, वर्षानुवर्षं नुसता बसून असतो, दुखत नाही, खुपत नाही. तो दिसला तर त्याच नळीतून तारेचा फास टाकून तिथल्या तिथे कापून काढतात. कोंब गेला की पुढचा रोगच गेला. मी हे ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच. रोग व्हायच्या आधी रोग उपटता येतो! बाबांच्या वेळी आपल्याला का नाही रे कोणी सांगितलं?

मी तारीख घेऊन आले आहे, दहा फेब्रुवारी. हे म्हणतात, "लग्नाची तारीख काढल्यासारखी काय नाचतेस?" नाचेन नाहीतर काय!

तू तिथे लगेच तपासून घे. डॉक्टरांना बाबांचं सांग, कमळीचं सांग. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तपासणी कर.

विनया

—

मनवेलपाडा
१२ फेब्रुवारी २००४

ती. दादा,

तुझं कार्ड आलं! पोस्टमनकडून घेतलं ते आधी देवापुढे ठेवलं, मग वाचलं. वाचायला वेळ लागला नाही, तू लिहिलंयस किती! "बाबांचे समजले. मी ही तपासणी दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या दवाखान्यात केली आहे. नॉर्मल. काळजी नसावी." बाबांबद्दल नुसतं "समजले". बरं. पण "काळजी नसावी" लिहिलंस त्याअर्थी मला काळजी असते हे तुला ठाऊक आहे.

मीही "नॉर्मल" वाचून दिवसभर तरंगत होते. परवा उतरले. का, ते सांगते.

माझी तपासणी फसली, दादा. आणि फसवली मीच.

आदल्या दिवशी काही खायचं नसतं. नारळपाणी, काळा चहा, गाळलेली पेज, एवढंच. आणि एक पावडर मोठ्या बाटल्यांत कालवून प्यायची, अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे, म्हणजे आतडं धुतल्या भांड्यासारखं निघतं. मला वाटलं, उपास आपल्याला काय नवा! त्यात नेमकी संकष्टी आलेली. म्हटलं, बघा, देवानेच तारीख जुळवून दिली.

पण संध्याकाळी औषध पोटात गेलं आणि काय सांगू! आमच्या चाळीचे संडास तुला माहीत नाहीत. गॅलरीच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून. पाणी बादलीने न्यायचं. मी एकदा गेले, पुन्हा गेले, मग जाते आहे आणि येते आहे. खालच्या सुर्वेबाई दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या, "विनयावहिनी, आज काय यात्रा आहे का?" त्यांचे मालक खोकून हसले. मी बादली घेऊन परत फिरले आणि उरलेली बाटली तशीच झाकून ठेवली. पहाटेची तर प्यालेच नाही. पहाटे रांग असते, त्या रांगेत मी कशी धावू?

आणि दुसरं. चंद्र उगवला. संकष्टीचा उपास चंद्र बघून सोडायचा असतो, तो तसाच राहिला तर व्रत मोडतं. मी लग्नाआधीपासून मोडलेलं नाही. नैवेद्याला मोदक केले होते. मनात म्हटलं, डॉक्टरांनी जेवण नको म्हटलंय, प्रसाद म्हणजे काय जेवण? एक खाल्ला. एकाने सोडू नये म्हणून दुसरा खाल्ला.

सकाळी गुंगीतून उठले तर डॉ. नताशा समोर उभ्या, तोंडावरचा मास्क खाली केलेला. "विनयाताई, तुमच्या गणपतीची आणि माझी आत भेट झाली. खोबरं, खसखस, सगळं ओळखलं."

मी तोंडावर पदर घेतला.

"हसू नका. मला निम्मं आतडं दिसलं, निम्मं नाही. पुढे नळी न्यायलाच नको वाटलं."

हे म्हणाले, "पण वाईट काही सापडलं नाही ना? मग नॉर्मलच की!" यांना घाई होती, कंपनीत अर्धी रजा टाकलेली.

त्यावर डॉक्टर म्हणाल्या, "सदानंदराव, अंधाऱ्या खोलीच्या दारात उभं राहून आत कोणी नाही असं म्हणाल का तुम्ही? मी नॉर्मल लिहिणार नाही. अपुरी झाली असं लिहीन. पुन्हा करायची."

यांचं तोंड असं झालं की जणू खरेदी करून पिशवी रिकामीच घरी आणली. मला मात्र त्या बाई फार आवडल्या. मी घरचा हिशेब ठेवते ना, मधली पानं चिकटलेली असताना खालची बेरीज जुळली तर ती बेरीज मला जास्त छळते.

आणि तिथेच, सलाईन लावलेल्या हाताने, मला तुझं कार्ड आठवलं.

दादा, तुझ्या नॉर्मलमध्ये काय काय आलं रे?

मी डॉक्टरांना तिथेच धरलं. म्हटलं, माझ्या भावाची झाली आहे, ती नीट झाली हे कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, पहिलं म्हणजे पोट स्वच्छ होतं का. मळ असेल तर जगातला उत्तम डॉक्टर आणला तरी तो मळच बघणार. मग नळी टोकापर्यंत गेली का. मोठं आतडं उजवीकडे खाली संपतं, लहान आतडं येऊन मिळतं तिथे. तिथपर्यंत पोचल्याचा रिपोर्टात उल्लेख असतो, चांगले डॉक्टर फोटोही लावतात. आणि परत येताना घाई केली का. मला वाटायचं जाताना बघतात. तसं नाही! जाताना नुसता रस्ता कापायचा असतो, बघायचं असतं ते परतताना, एकेक घडी उलगडून. घडीमागे बसलेला कोंब घाईवाल्याला दिसत नाही. "आणि," त्या म्हणाल्या, "भावाने तिथे वडिलांचं सांगितलं होतं का?"

कुठून सांगणार? आम्हीच तुला सांगितलं नव्हतं.

तर कपाटातून तो रिपोर्ट काढ आणि सगळा वाच. शेवटची ओळ नव्हे, सगळा. मला उलट टपाली कळव.

विनया

ता. क. मी पुन्हा करून घेणार आहे. संडासाचं काय करायचं तेवढं सुचू दे.

—

मनवेलपाडा
६ मार्च २००४

ती. दादा,

सापडला! दादा, सापडला! कोंब सापडला, काढला, तपासायला पाठवला आणि काल रिपोर्टही आला. कॅन्सर नाही. पण पुढे जाऊन कॅन्सर होणाऱ्या जातीचा. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, हा तुमच्या पोटात राहिला असता तर काही वर्षांनी आपली भेट वेगळ्या कामासाठी झाली असती." आणि तो कुठे होता सांगू? अगदी टोकाशी, उजवीकडे, जिथे पहिल्या खेपेला माझ्या मोदकांनी ठाण मांडलं होतं! म्हणजे त्या दिवशी हट्टाने नॉर्मल लिहून आणलं असतं तर? मला कालपासून जमिनीवर पाय ठरत नाही. सुर्वेबाईंना स्वतःहून सगळं सांगून आले, आणि आता त्या आपल्या मालकांना न्यायचं म्हणतात.

आता ऐक, ही दुसरी तपासणी कुठून झाली. रागवायचं तर शेवटी रागव.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, ज्या घरात स्वतःचा संडास आणि पाणी आहे तिथे आदला दिवस काढा. यांच्या चुलतभावाकडे नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत इतकी माणसं की मोरीला पडदा आहे. विचार करकरून डोकं शिणलं. आणि मग आठवलं, पाचूबंदरला मटिल्डावहिनीच्या आईचं घर. नवं बांधलेलं. मी त्यांना वसईच्या बाजारात टोपलीमागे बसलेलं लांबून बघितलेलं, बोलले कधीच नव्हते. इतकी वर्षं झाली तुझ्या लग्नाला, मी त्या घराची पायरी चढलेली नव्हते.

उतरले बसमधून आणि विचारत विचारत गेले. मासे वाळत घातलेले, जाळी पसरलेली, मी पदर सावरत दारात उभी. वहिनीच्या आई, मार्गारेटमावशी, बाहेर आल्या.

"तू जितूची बहीन ना? नाक तेच हाय. मंग दारात कशाला? ये गो बाय, आत ये."

मी म्हटलं, "मावशी, मी एक मागायला आले आहे."

"बोल की."

"मला तुमचा संडास हवा आहे. एक दिवस."

त्या कमरेवर हात ठेवून अशा हसल्या की शेजारच्या बायका बाहेर आल्या. "माझ्याकडं लोक पापलेट मागायला येतात, कोलंबी मागायला येतात. संडास मागायला आलेली तूच पयली!"

मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी मी मुक्कामाला गेले. पिशवीत गणपतीची तसबीर होती, पूजा चुकवायची नव्हती, पण काढू कुठे? मावशींनीच ओळखलं. त्यांच्या आल्तारावर मारियेची मूर्ती आहे, मेणबत्ती आहे. म्हणाल्या, "ठेव तितं, बाजूला. दोगांना सोबत व्हईल." त्यांचेही उपासाचे दिवस सुरू झालेले, ईस्टरपर्यंत. म्हणजे घरात आम्ही दोघी उपाशी बायका, एक देवासाठी आणि एक आतड्यासाठी.

पण पहारा कसला रे त्यांचा! ग्लास रिकामा झाला की दुसरा भरून समोर. "पी. नाक दाब आनि पी. त्या डॉक्टरीनबायनं निगालेलं पानी साफ दिसाया पायजे सांगितलंय ना? मंग साफच." मी म्हटलं, मावशी, आता उलटी होईल. "व्हऊ दे, परत देते." पहाटेच्या बाटलीला तर त्या माझ्या आधी उठून बसल्या होत्या, बाटली मांडीवर घेऊन. आणि मी कितीही वेळा गेले तरी ना कोणी हसलं, ना कोणी खोकलं. दारापाशी भरलेली बादली प्रत्येक वेळी तयार. दादा, जिच्या लेकीला आपण उंबऱ्यावरून परत पाठवलं, ती बाई माझ्या संडासाला पाणी भरत होती. मला रडू आलं तर म्हणाली, "औषधाचं हाय ते, रडू नको."

डॉक्टर म्हणाल्या, "आतडं आरशासारखं! कोणी केली तयारी?"

आता तुझं. रविवारी मावशींकडे पेढे घेऊन गेले तेव्हा फोन वाजला. वहिनी दर रविवारी करते तो. मावशींनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "बोल तुज्या भावजयीशी."

वहिनीने आधी मीच ना, हे विचारून घेतलं. मग म्हणाली, "विनयाताई, तुमचं पत्र आलंय. ह्यांनी रिपोर्ट काढला नाही, पण मी काढला."

"मग?"

"त्यात लिहिलंय, तयारी बरी नव्हती. पुढचा भाग नीट दिसला नाही, सवडीने पुन्हा करावी. ह्यांनी मला खालची ओळच वाचून दाखवली होती, जेवढं दिसलं तेवढं नॉर्मल."

"औषध प्यायला होता का दादा?"

"अर्धं. अर्धं बेसिनमध्ये ओतलं. चव सहन होईना म्हणाले. मी ओरडले तर म्हणाले, डॉक्टरला काय कळणार आहे!"

दादा! अरे डॉक्टरला नाही तर कोणाला कळणार? मी मोदक खाल्ला तो व्रतासाठी, तू बेसिनमध्ये ओतलंस ते कशासाठी? बापाचीच मुलं आहोत आपण दोघं, शोभतो!

माझ्या पोटात होता. त्याच घरचं पोट तुझं, आणि तुझी पानं अजून चिकटलेली आहेत. ये. इथे ये. डॉ. नताशांशी बोलले आहे. मावशी म्हणतात, जावयाने इतक्या वर्षांत घर बघितलं नाही, आता बघू दे.

विनया

—

मनवेलपाडा
२८ मार्च २००४

ती. दादा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पूर्ण पान! रागाचं का होईना.

"माझ्या पोटाची चर्चा जबलपूरपासून पाचूबंदरच्या मासळी बाजारापर्यंत चालू आहे." आहे. आणि मी ती चालू ठेवणार आहे. परवा मंगळसूत्र ओवून घ्यायला गेले तिथल्या पटवेकाकांनाही सांगितलं.

"मला काहीही होत नाही, भूक चांगली आहे." मलाही चांगलीच होती. मोदक दोन खाल्ले होते! तोच तर मुद्दा आहे, कोंब असताना काहीच होत नाही. काही व्हायला लागलं तेव्हा बाबा डॉक्टरकडे गेले होते.

"इथेच पुन्हा करीन, सवडीने." दोन वर्षं सवड झाली नाही ती आता कुठून होणार? तिथे करतोस तर कर, मी हट्ट धरत नाही. तारीख कळव, आणि आदल्या दिवशी वहिनीला रजा काढून बेसिनपाशी उभी कर. तारीख कळवली नाहीस तर मी समजेन की सवड हे नुसतं नाव आहे.

आता खरी गोष्ट. शेवटी तू लिहिलंस, "बाबांच्या दारातून निघताना मी सांगितलं होतं, पुन्हा वसईत पाय ठेवणार नाही. ते मी पाळलं आहे." हो, पाळलंस. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होते, मला तुझे शब्द पाठ आहेत. पण कोणाला दाखवायला पाळतो आहेस? ज्याला ऐकवलंस तो माणूस राहिला नाही. तो ज्याने गेला ते कदाचित तुझ्यात असेल, नसेलही. नसू दे. मी रोज तेच मागते. पण नाही हे कोणीतरी बघून सांगितलेलं असू दे, न बघता नको.

तुम्हा दोघांच्या हट्टात मी मधे सापडले, दादा. त्यांनी मला बोलू दिलं नाही आणि तू माझ्याशी बोलला नाहीस. त्यांचा हट्ट मी मोडला. तुझा तुलाच मोडावा लागेल.

मे महिन्यात कंपनीची मोठी रजा असते तुला. वहिनीने तिकिटं बघून ठेवली आहेत, हे मी तुला सांगणार नव्हते.

विनया

—

वसई, दवाखान्यातलं बाकडं
१९ मे २००४

ती. दादा,

तू आत आहेस आणि मी बाहेर. मधे एक दार. तरी लिहिते, कारण हाताला काही काम नसलं की मी डॉक्टरांचं दार ठोठावेन अशी यांना भीती आहे. यांनीच पेन दिलं.

तू आलास. परवा स्टेशनवर उतरलास तेव्हा तू केस इतके पांढरे करून आला असशील असं वाटलं नव्हतं. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "बॅग जड आहे, धरू नकोस." बस, तेवढंच. गाडीतही खिडकीबाहेर बघत राहिलास. मी वहिनीशी बोलत होते आणि तू ऐकत होतास. चालेल. तोंड बंद असलं तरी तुला पिता येतं हे काल कळलंच.

काल काय मजा केलीस रे! सासूबाई ग्लास घेऊन समोर, बायको बाजूला, बहीण बेसिनपाशी खुर्ची टाकून. तू म्हणालास, "मी काय कैदी आहे?" मावशी म्हणाल्या, "कैद्याला पानी मोजून देतात. तुला पायजे तेवडं हाय." एकदा तू ग्लास घेऊन अंगणाकडे निघालास, "जरा वारा खातो" म्हणून, तर वहिनी मागून धावली. माडाच्या बुंध्यात ओतणार होतास ना? खरं सांग! पण पहाटेची बाटली तू आपली आपण प्यालास. मी दाराआडून बघत होते. डोळे मिटून, एका दमात. कोणी सांगायला नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की तू नुसता आमच्या धाकाने आलेला नाहीस.

आत जाताना डॉक्टरांनी तुला विचारलं, "वडिलांना काय होतं?" आणि तू तो शब्द उच्चारलास. "वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता." स्पष्ट. दादा, आपल्या घरातल्या कोणा पुरुषाच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला.

आता वेळ झाला आहे बराच. तुझ्या मागून आत गेलेला एक माणूस शेजारच्या खोलीतून होऊन बाहेरही आला, चहा पितो आहे. हे अस्वस्थ झाले आहेत. उठतात, बसतात. आत्ताच म्हणाले, "इतका वेळ? काहीतरी गडबड असणार."

मी म्हटलं, "अहो, उलट! वेळ लागतोय म्हणजे बघताहेत!"

"तुझं आपलं काहीतरीच."

वहिनीच्या हातात रोझरी आहे, मणी पुढे सरकत नाही, एकाच मण्यावर बोट थांबलं आहे. मी अथर्वशीर्षाचं आवर्तन करायला घेतलं आणि मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. भीती वाटत नाही असं नाही, दादा. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी आहे. सणाच्या आदल्या दिवशी असतं तसं.

नर्स बाहेर आली. वहिनी ताडकन उभी राहिली. नर्स म्हणाली, "अजून वेळ लागेल. मॅडम टोकापर्यंत जाऊन आल्या, पण उजव्या बाजूला त्यांना पुन्हा एकदा बघायचंय, परत आत गेल्यात."

पुन्हा! पुन्हा बघताहेत! मी टाळीच वाजवली. अख्खं बाकडं माझ्याकडे बघायला लागलं. तो चहा पिणारा माणूस यांना हळूच म्हणाला, "बाई पेशंटच्या कोण?" हे म्हणाले, "सख्खी बहीण." तो म्हणाला, "मग हसताहेत का?" आता याला काय काय सांगू!

थांब. दार उघडलं.

दादा, घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. डॉक्टर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळं दिसलं. टोकापर्यंत गेले, फोटो काढलाय. एक होता. चपटा, घडीच्या मागे, पहिल्या फेरीत नुसती कड दिसली म्हणून परत गेले. तयारी एवढी चांगली नसती तर दिसलाच नसता. पूर्ण काढला आहे. बघायला तरी साधा वाटतो, तपासणीचा रिपोर्ट आठवड्यात येईल. पुढच्या वर्षी परत यायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, वेळेत आणलंत."

वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडते आहे. तिचा मणी माझ्या पाठीला टोचतो आहे, टोचू दे. मावशींना फोन करायला हे धावले आहेत, आणि ज्यांना अर्धी रजाही जड जात होती ते म्हणताहेत, "पुढच्या वर्षी मीच घेऊन येईन त्याला."

रिपोर्ट यायचा आहे, हे मला कळतं. आठवडाभर पुन्हा देवाला छळीन. पण जे होतं ते दिसलं, दादा! दिसलं आणि निघालं!

आता आम्हाला आत बसू दिलं आहे. तू झोपला आहेस, तोंड थोडं उघडं, अगदी लहानपणी उन्हाळ्यात ओट्यावर झोपायचास तसा. गुंगी उतरेपर्यंत लिहावं म्हटलं. काय काय लिहायचं राहिलं आहे, माझ्या मुलीचं कॉलेज, आईचं दुखणं, तू गेल्यावर घरात कोण काय बोललं, बाबांनी शेवटी दोनदा तुझं नाव घेतलं होतं तेही —

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघितलंस, मग हातातल्या कागदाकडे. ओठ कोरडे होते तरी बोललास. "विने, लिहीत काय बसलीस? मी इथे आहे ना? बोल की."